मेंढीची किंमत, कुरणाचे मोल : ‘द स्क्वॉटिंग एज इन ऑस्ट्रेलिया’ची चिकित्सा

स्टीफन रॉबर्ट्स यांचा ‘द स्क्वॉटिंग एज इन ऑस्ट्रेलिया’ (१९३५) हा ग्रंथ १८३५ ते १८४७ या काळातील स्क्वॉटरांचा, म्हणजे सरकारी जमिनीवर मेंढ्यांचे कळप पोसणाऱ्या वसाहतकारांचा, इतिहास मांडतो. न्यू साउथ वेल्समध्ये १८३६ पासून वार्षिक १० पौंडांच्या परवान्यावर कुरण वापरता येई. मालकी मात्र राजसत्तेची. त्यामुळे सौदा मेंढ्यांचा होई आणि कुरण त्यांच्यासोबत जाई. लोकरीचे भाव उतरले, इंग्लंडमधून येणारे भांडवल आटले, तेव्हा दोन्ही कवडीमोल झाले. १८४३ मध्ये यॅस येथील हेन्री ओब्रायन यांनी मेंढ्या उकळून चरबी विकण्याचा मार्ग दाखविला. चरबीच्या भावाने मेंढीच्या घसरत्या किमतीला आधार मिळाला.

रॉबर्ट्स यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी स्क्वॉटर आहे, हीच त्याची मर्यादा होय. कुरण स्वस्त होते, कारण तेथील मूळ रहिवाशांचा हक्क मानलाच गेला नव्हता. १८३८ मध्ये मायॉल क्रीक येथे वसाहतीतील गुराख्यांनी किमान २८ आदिवासींची हत्या केली. हे मोल कोणत्याही भावपत्रकात नोंदलेले नाही. वसाहतकालीन बाजारभावांचा अभ्यास या वगळलेल्या नोंदीपासून सुरू व्हावयास हवा.