टिळकांचा दरबार : बाप्तिस्म्याच्या अलीकडे

वैभववाडीत, करूळ घाटाच्या पायथ्याशी, यंदाच्या पावसाळ्यात मी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग पुन्हा वाचले. आपली समीक्षा त्यांत तुकोबांची छाया शोधून थांबते. मला ते वाचन अपुरे वाटते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही तेथे ख्रिस्तशिष्य. प्रश्न छंदाचा नव्हता, सिद्धान्ताचा होता : शिष्यत्व ठरवायचे कोणी, चर्चने की अंतःकरणाने?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या क्वेकरांनी पाण्याचा बाप्तिस्मा आणि पगारी धर्मोपदेशक, दोन्ही नाकारले. टिळक तेवढे पुढे गेले नाहीत. त्यांनी बाप्तिस्मा मोडीत काढला नाही. दरबारापुरती त्याची अट काढली. बाप्तिस्म्याने संसार कसा दुभंगतो, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहेच. ते सोसलेल्या माणसाने ही अट काढावी, यात मला कवीइतकाच मोठा धर्मचिंतक दिसतो.

१९१९ साली टिळक गेले. दरबाराचे बळ एकाच माणसात होते, हे त्याचे उणेपण. पण अभंग वाचताना तो प्रश्न विसरला, तर आपल्या हाती नुसती चाल उरते.