नावातच कारण घातलं की संशोधन अडतं

हात वर नेताना खांदा दुखतो, या तक्रारीचं ठरलेलं निदान म्हणजे ‘इंपिंजमेंट’. खांद्यावरच्या अ‍ॅक्रोमिअन या हाडाखाली स्नायुबंध चिमटतात, म्हणून दुखतं. चार्ल्स नीर यांनी १९७२ साली ही मांडणी केली आणि त्या हाडाचा खालचा भाग तासायची शस्त्रक्रियाही दिली. पुढे ती दुर्बिणीतून होऊ लागली आणि जगभर पसरली.

आता नाव नीट बघा. ते तक्रार सांगत नाही, थेट कारणच सांगतं. मग कारण तपासणार कोण? रुग्ण बरा झाला, म्हणजे निदान बरोबर, असं धरलं जातं. पण खांदा व्यायामाने, नुसत्या काळानेही बरा होतो.

एमआरआय काढला की प्रश्न मिटला, असंही नाही. १९९५ च्या एका अभ्यासात खांदा न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले. ३४ टक्के लोकांचे स्नायुबंध थोडे किंवा पूर्ण फाटलेले दिसले. साठीपुढच्यांत ५४ टक्के. फाटलेलं दिसणं वेगळं, त्यामुळेच दुखणं वेगळं.

कारणाची खरी परीक्षा ब्रिटनमधल्या ‘सीसॉ’ चाचणीने घेतली (लॅन्सेट, २०१८). ३१३ रुग्ण, तीन गट: हाड तासायचं, नुसतं दुर्बिणीतून आत पाहायचं, काहीच करायचं नाही. सहा महिन्यांनी पहिल्या दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. उपचार नसलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवेल इतके नाही.

इथे टाळ्या वाजवून थांबू नका. ‘नुसतं पाहायचं’ गटातल्या ४२ टक्के लोकांना सहा महिन्यांत ठरलेला उपचार मिळालाच नव्हता. अशा गळतीने गटांमधला फरक पुसट होऊ शकतो. फिनलंडच्या चाचणीतही (बीएमजे, २०१८) हाड तासणं नुसत्या पाहणीपेक्षा सरस ठरलं नाही, म्हणून निष्कर्षाला बळ येतं.

तरीही सिद्ध काय झालं? हाड तासल्याने विशेष फायदा नाही, एवढंच. दुखतं कशाने, हे अजून उघडंच आहे. ‘सीसॉ’च्या शीर्षकात ‘इंपिंजमेंट’ नाही. दुखण्याची फक्त जागा सांगितली आहे. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो.

तुमचा प्रस्ताव लिहाल तेव्हा विषयाच्या नावात कारण शिरलंय का, ते आधी तपासा. शिरलं असेल तर ते काढा आणि गृहीतकात घाला. काय दिसलं तर ते चूक ठरेल, हेही तिथेच लिहा.