हेडी लामारने खरंच वायफाय शोधलं का?

वायरलेसवर वाचायला लागलात की एक वाक्य तुम्हाला भेटणारच: हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार हिने वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएस शोधलं. सेमिनारच्या पहिल्या स्लाईडवर तिचा फोटो, खाली पेटंट नंबर २,२९२,३८७. टाळ्या पडतात. ते पेटंट उघडून वाचलेलं मात्र सहसा कुणी नसतं. चला, आपण उघडू.

अर्ज जून १९४१चा, मंजुरी ऑगस्ट १९४२ची. संशोधकांमध्ये 'लामार' सापडणार नाही; तिथे हेडी कीस्लर मार्की असं लग्नानंतरचं नाव आहे. सोबत संगीतकार जॉर्ज अँथाइल.

अडचण अशी होती. रेडिओने टॉर्पेडो वळवायचा, तर शत्रू तीच फ्रिक्वेन्सी पकडून गोंगाट करणार. मग फ्रिक्वेन्सी सतत बदलत ठेवायची. पण दोन्ही टोकांनी एकदम बदलायची कशी? आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेला कागदी रोल असतो, तसे दोन सारखे रोल घ्यायचे, एक जहाजावर, एक टॉर्पेडोत. भोक आलं की सर्किटमधला कंडेन्सर बदलतो आणि फ्रिक्वेन्सी बदलते. अशा रोलवर भोकांच्या ८८ ओळी असू शकतात, म्हणून ८८ फ्रिक्वेन्सी शक्य, असं पेटंट म्हणतं.

मला यातली सगळ्यात हुशार जागा वेगळीच वाटते, आणि ती स्लाईडवर कधीच नसते. आकृतीत ट्रान्समीटरला सात फ्रिक्वेन्सी आहेत, टॉर्पेडोला चारच. उरलेल्या तीन निव्वळ फसवायला! शत्रू त्या ऐकत बसतो, टॉर्पेडोला त्या ऐकूही येत नाहीत.

आता कच्ची बाजू. दोन्ही रोल एकाच क्षणी सुटणार आणि मोटरी सारख्या वेगाने फिरणार, यावर मुख्य डोलारा. आजचं क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, पण तिथे दुसरं डिव्हाइस येणाऱ्या पॅकेटवरून आपलं घड्याळ पुन्हा पुन्हा जुळवून घेतं. मोठं काम ते आहे, आणि पेटंटाच्या वर्णनात अधूनमधून संकेत पाठवून रोल पुन्हा जुळवता येईल, असा नुसता उल्लेख आहे. पहिलाच क्लेम वाचा: त्यात लांब पट्टीचा, म्हणजे त्या रोलचाच उल्लेख आहे. वर्णनात संशोधक काहीही लिहो, हक्क मिळतो तो क्लेमपुरता.

शिवाय फ्रिक्वेन्सी बदलत गुप्तता राखायची कल्पना आधीचीच. विलेम ब्रोर्त्येस याचं अमेरिकन पेटंट १९३२चं आहे.

आणि वायफाय? १९९७च्या पहिल्या ८०२.११ मानकात फ्रिक्वेन्सी हॉपिंग हा एक पर्याय होता, वेग १ आणि २ मेगाबिट. १९९९मध्ये ८०२.११बी आलं ११ मेगाबिट घेऊन, त्यात डायरेक्ट सीक्वेन्स, ८०२.११एमध्ये ओएफडीएम. पुढचं वायफाय ओएफडीएमच्या वाटेनं गेलं, उड्या मागे पडल्या. जीपीएस तर उड्या मारतच नाही. वायफायचं मूळच शोधायचं, तर अमेरिकेच्या एफसीसीचा १९८५चा नियम बघा: २.४ गिगाहर्ट्झसारखे पट्टे स्प्रेड स्पेक्ट्रमसाठी विनापरवाना खुले झाले. पण नियमाचा फोटो स्लाईडवर शोभत नाही, काय करणार!

मग हेडीचं श्रेय काढून घ्यायचं का? मुळीच नाही. माझा राग उलट कारणासाठी आहे. नौदलाने युद्धात ही युक्ती वापरली नाही, १९५९मध्ये पेटंटची मुदत संपली, आणि पहिला ठळक सन्मान मिळायला १९९७ उजाडलं. जिला इतकी वर्षं कुणी गंभीरपणे घेतलं नाही, तिच्या नावावर तुम्ही अख्खं वायफाय चढवता, तेव्हा टिंगल करणाऱ्याचं काम सोपं होतं. तो फक्त एवढंच दाखवतो की वायफाय हॉपिंगवर चालत नाही, आणि मग त्या तीन फसव्या फ्रिक्वेन्सींकडेही कुणी बघत नाही. सिनॉप्सिसमध्ये लिहायचंच असेल तर लिहा: 'लामार आणि अँथाइल यांनी कागदी रोल जुळवून फ्रिक्वेन्सी बदलण्याची, जॅमिंग टाळणारी पद्धत पेटंट केली.' व्हायवात या वाक्यावर कुणी तुम्हाला अडवू शकणार नाही.

पुढच्या लेखात ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओचं १९९६चं पेटंट घेऊ, नंबर ५,४८७,०६९. 'वायफाय ऑस्ट्रेलियाने शोधलं' हेही तुम्ही ऐकलं असेलच. तोवर त्याचे क्लेम वाचून ठेवा.