तारेविना फ्लॅश, रंगीत फिल्टर आणि प्रकाशाची विश्वासार्हता : एक चिकित्सा

छायाचित्राविषयीचे आपल्याकडील लेखन बहुधा विषय, चौकट आणि क्षण यांच्याभोवती फिरते. प्रकाश कोठून आला व तो कोणी आणला, हा प्रश्न तंत्राचा समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः एकाहून अधिक फ्लॅश तारेविना पेटविण्याची सोय झाल्यापासून हा प्रश्न समीक्षेच्या केंद्रस्थानी यावयास हवा होता. प्रस्तुत लेखात काही परिचित छायाचित्रांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

तारेच्या युगापासून आरंभ करणे इष्ट ठरेल. अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांनी नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांची चित्रे रात्री टिपली. १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील आयेगर येथे उघड्यावरील चित्रपटगृहात घेतलेल्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रासाठी चाळीसहून अधिक फ्लॅशबल्ब तारांनी जोडून एकाच क्षणी पेटविले गेले. एकदा पेटलेला बल्ब निकामी होत असे. या प्रखर प्रकाशात पडद्यावरील चित्र पुसले जाणे अटळ होते. म्हणून पडद्यावर दिसणारे विमान लिंक यांनी स्वतंत्रपणे टिपून मागाहून छपाईत बसविले. तरीही या चित्राने फसविल्याची भावना होत नाही. मोटारी, धूर आणि इंजिन एकाच वेळी लख्ख दिसणे ही निसर्गाची रात्र नव्हे, हे पाहणाऱ्यास तत्क्षणी उमगते. येथे रचना स्वतःला लपवीत नाही.

तार गेल्यानंतर चित्र पालटले. कॅननने १९९८ मध्ये व निकॉनने २००३ मध्ये आणलेल्या प्रणालींत मुख्य फ्लॅश प्रकाशाच्या सांकेतिक स्पंदांद्वारे इतर फ्लॅशना आज्ञा देत असे. भर उन्हात किंवा मध्ये भिंत आल्यास ही आज्ञा पोहोचेलच असे नाही. रेडिओ संकेतास ही अडचण नाही. व्यावसायिक स्टुडिओंतून रेडिओचा वापर पूर्वीपासून होताच. २०१२ मध्ये कॅननने तो छोट्या फ्लॅशमध्येच अंतर्भूत केला. या बदलाचे वर्णन सामान्यतः सोयीच्या भाषेत केले जाते. जो मॅकनॅली यांच्या २००९ मधील ‘द हॉट शू डायरीज’ या पुस्तकाचाही भर ‘कसे’ यावरच आहे, आणि त्या मर्यादेत ते उत्तम आहे. परंतु तारेबरोबर प्रकाशयोजनेचा दृश्य पुरावाही नाहीसा झाला, ही बाब दुर्लक्षित राहिली.

फिलिप-लॉर्का डिकोर्सिया यांच्या ‘हेड्स’ या मालिकेत हेच अत्यंत तीव्रतेने जाणवते. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये बांधकामाच्या परातीवर फ्लॅश बसवून, काही अंतरावरून रेडिओ संकेताने तो पेटवून, त्यांनी अनभिज्ञ वाटसरूंचे चेहरे टिपले. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे फ्लॅशजवळचे मस्तक उजळते आणि दुप्पट अंतरावरील गर्दीस चौथाईच प्रकाश मिळून ती काळोखात बुडते. परिणाम कॅराव्हॅज्योच्या चित्रांची आठवण देणारा आहे. चेहऱ्यांवर जी अंतर्मुखता आपण वाचतो, ती कितपत त्या माणसांची आणि कितपत त्या काळोखाची? मला उत्तर दुसऱ्या बाजूस झुकलेले दिसते. चित्रित झालेल्या एका व्यक्तीने दावा दाखल केला. २००६ मध्ये न्यायालयाने हे काम व्यापार नसून कला असल्याचे मानून तो फेटाळला. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला, तो मात्र मुदतीच्या कारणावर. कायद्याने संमतीचा प्रश्न अशा रीतीने मिटविला, समीक्षेने तो मिटला असे समजू नये.

आता रंगाविषयी. आपल्या रंगभूमीवर दिव्यास ‘जिलेटिन’ लावण्याची रीत जुनी आहे, आणि तांबडा प्रकाश पडताच प्रेक्षक त्यास संकेत म्हणून स्वीकारतो. छायाचित्रातील गडद निळा वा जांभळा फिल्टरही असाच उघड असतो. टीकाकार मात्र त्यालाच भडक म्हणून झोडपतात. खरी शंका सौम्य फिल्टरविषयी घ्यावयास हवी. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा असतो. पूर्ण तीव्रतेचा नारिंगी फिल्टर त्यास सुमारे ३२०० केल्विनवर, म्हणजे तारेच्या दिव्याच्या जवळ आणतो. खोलीतील पिवळ्या दिव्याशी फ्लॅश असा जुळविला की तो फ्लॅश आहे हेच कळत नाही. याच फिल्टरचा उलट उपयोगही होतो. कॅमेऱ्याचे श्वेतसंतुलन तारेच्या दिव्यावर ठेवून चेहऱ्यावर नारिंगी फ्लॅश टाकला, तर त्वचा स्वाभाविक राहते आणि मागची ढगाळ दुपार निळीशार संध्याकाळ बनते. नंतर संगणकावर आकाश निळे केले असते तर वृत्तचित्रांच्या कोणत्याही परीक्षकाने आक्षेप घेतला असता. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत प्रतिमेत आशय घालण्यास वा काढण्यास मनाई आहे. मात्र कळ दाबण्यापूर्वी बदललेली वेळ सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. हा भेद तर्काला धरून नाही.

डिकोर्सिया यांच्याच १९९०-९२ मधील ‘हसलर्स’ या मालिकेत प्रत्येक शीर्षकात व्यक्तीचे नाव, वय, गाव आणि तिला दिलेली रक्कम नोंदलेली आहे. व्यवहार असा उघड मांडणाऱ्या या कलावंताने पुढे ‘हेड्स’मधील चित्रांस केवळ क्रमांक दिले. प्रकाशाची नोंद मात्र दोन्ही मालिकांच्या शीर्षकांत नाही.