गोंधळाला पडदा कोठे आहे?

लोककलांची पडद्यामागची बाजू लोकांना दाखवावी, ही भूमिका आता सर्वमान्य झाली आहे. तथापि गोंधळासारख्या विधिनाट्याला ती लागू करताना मूलभूत प्रश्न उद्भवतो : येथे पडदा असतो कोठे?

तुळजापूरच्या भवानीमुळे धाराशिव जिल्हा हे गोंधळपरंपरेचे प्रमुख केंद्र ठरले. कदमराई गोंधळी भवानीचे, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक. लग्नकार्यानंतर यजमानाच्या घरी चौक भरला जातो. पाटावर नवे वस्त्र, तांदूळ, कलश, विड्याची पाने मांडली जातात. दिवटी प्रज्वलित होते. मग संबळ-तुणतुण्याच्या साथीने गावोगावच्या देवतांना आवाहन आणि त्यानंतर उत्तररंगातील आख्यान. ही सारी सिद्धता कुटुंबासमक्ष, यजमानाच्याच सहभागाने होते. म्हणजे येथे तयारी ही प्रयोगापूर्वीची अवस्था नसून प्रयोगाचाच पूर्वरंग होय.

रंगमंचावर मात्र मांडणी आटोपशीर होते, आवाहन संक्षिप्त होते आणि यजमानाचा प्रेक्षक होतो. जे समोर होते ते प्रथम आड जाते; नंतर तेच पाहण्याचे निमंत्रण दिले जाते. रंगमंचाने गोंधळ्याला नवा श्रोता दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु रात्रभराचा विधी तासाभरात बसवताना काय गळले, याची नोंद समीक्षेने ठेवलीच पाहिजे.

गोंधळात खरोखर दृष्टिआड राहते ती गुरुमुखातून आणि घराण्यातून चालत आलेली विद्या. एका भेटीत ती दाखवता येत नाही. तिच्यासाठी अभ्यासकाला शिष्याइतकेच थांबावे लागेल.