‘देवकण’, ‘कृत्रिम सूर्य’ आणि मधले हरवलेले यंत्र

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनसारखा एक नवा मूलकण सापडल्याचे जाहीर केले आणि मराठी वृत्तपत्रांत तो ‘देवकण’ झाला. चीन, फ्रान्स किंवा गुजरातमधल्या एखाद्या टोकामॅकची बातमी आली की ती हमखास ‘कृत्रिम सूर्या’ची बातमी असते. ही दोन नावे आता इतकी रुळली आहेत की विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर, वक्तृत्वस्पर्धेच्या विषयांत आणि विज्ञानदिनाच्या भाषणांत ती अवतरणचिन्हांशिवाय वावरतात. नावे चुकीची आहेत, एवढीच माझी तक्रार असती तर त्यासाठी लेख लिहायचे कारण नव्हते. ही नावे यंत्राची जागा खातात, अशी माझी तक्रार आहे. आणि विज्ञानातून यंत्र गेले की वाचकाच्या हाती दोनच गोष्टी उरतात : भक्ती किंवा भीती.

‘देवकण’ हे नाव आले लिऑन लेडरमन यांच्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकावरून. हा कण इतक्या हुलकावण्या देतो की त्याला एखादी शिवीच नाव म्हणून शोभली असती, पण प्रकाशकाने ती छापू दिली नसती, असे त्यांनी त्यात थट्टेने म्हटले आहे. मराठीत येताना थट्टा गळाली, देव तेवढा उरला. खरे तर लेडरमन हे पक्के यंत्रवाले. १९६२ साली त्यांनी मेल्विन श्वार्ट्‌झ आणि जॅक स्टाइनबर्गर यांच्यासह अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत न्यूट्रिनोंचे एकाहून अधिक प्रकार असल्याचे दाखवले. त्यासाठी साधन काय होते? ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची सुमारे दहा टनांची थप्पी, पत्र्यांच्या मधल्या फटींत निऑन वायू आणि पत्र्यांवर उच्च विद्युत् दाब. विद्युत्भारित कण थप्पीतून गेला की त्याच्या वाटेवर ठिणग्यांची रांग उमटे आणि तिचा फोटो काढला जाई. नको असलेले कण अडवायला पुढे मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या पोलादाची साडेतेरा मीटर जाडीची भिंत. १९८८चे नोबेल पारितोषिक या कामाला मिळाले.

आपल्याकडच्या लेखांचा साचा मात्र ठरलेला असतो. आधी महास्फोट, मग आइन्स्टाइन, मग ‘गूढ’ हा शब्द दोनतीनदा, मग सत्तावीस किलोमीटरचा बोगदा, खर्चाचे कोटींतले आकडे, आणि शेवटी कण सापडला. बोगदा आणि कण यांच्या मध्ये काय होते, ते कोणी सांगत नाही. वाचकाला वाटते, शास्त्रज्ञांनी कण डोळ्यांनी पाहिला असावा. प्रत्यक्षात हिग्ज कण जन्मतो तोच मोडतो. मोजले जातात ते त्याचे तुकडे, म्हणजे प्रकाशकण, म्यूऑन वगैरे. अशा लक्षावधी नोंदींतून एका विशिष्ट ऊर्जेपाशी अपेक्षेपेक्षा जास्त नोंदी दिसल्या, यावरून ‘सापडला’ असे म्हटले गेले. ही पायरी गाळली की ‘सापडला’ हा शब्द निव्वळ विश्वासावर घ्यावा लागतो. तसा घ्यायला पोथ्या पुष्कळ आहेत.

ही पायरी समजावून द्यायला फार दूर जायला नको. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत न्यूट्रिनो वेधशाळेसाठी जे शोधक विकसित झाले, त्यांचे मुख्य द्रव्य आहे साधी काच. तीन मिलिमीटर जाडीची, खिडकीला बसवतात तशी. अशा दोन काचा दोन मिलिमीटरची फट ठेवून एकमेकींवर बसवायच्या. फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून मध्ये प्लॅस्टिकच्या बटणांसारख्या चकत्या. काचांना बाहेरून ग्रॅफाइट मिसळलेल्या रंगाचा पातळ थर. फटीतून वायूंचे मिश्रण खेळते, त्यातला मोठा भाग फ्रिजमध्ये वापरतात त्या जातीच्या वायूचा. दोन बाजूंमध्ये दाब सुमारे दहा हजार व्होल्ट. आकाशातून आलेला म्यूऑन फटीतून गेला की वायूचे काही इलेक्ट्रॉन सुटे होतात, दाबामुळे धावत सुटतात, आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि क्षणात त्यांचा लोंढा तयार होतो.

इथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : काचच का? धातूचे पत्रे घेतले तर एका ठिणगीसरशी पत्र्यावरचा सगळा भार तिथून वाहून जाईल आणि पुन्हा दाब चढेपर्यंत अख्खा शोधक आंधळा होईल. काच विजेची वाईट वाहक आहे. त्यामुळे भार फक्त त्या ठिपक्यापुरता रिकामा होतो आणि उरलेली काच जागीच असते. आपण ज्याला दोष म्हणतो त्या रोधालाच इथे कामाला लावले आहे. म्हणून या साधनाचे इंग्रजी नावही ‘रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर’, म्हणजे रोधी पट्ट्यांची पेटी, असे आहे. वरच्या आणि खालच्या बाजूला एकमेकींना काटकोनात तांब्याच्या पट्ट्या असतात. कोणत्या दोन पट्ट्यांवर स्पंद आला ते पाहिले की आलेख-कागदावर बिंदू मांडावा तशी कणाची जागा कळते. वेळ कळते सुमारे एक अब्जांश सेकंदाच्या अचूकतेने. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे वर्गातल्या एका फूटपट्टीइतका. अशा पेट्यांची चवड रचली की कण वरून खाली गेला की खालून वर आला, तेही सांगता येते.

आपल्या तळहातावरून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन जात असतो. दोन मीटर बाजूच्या चौरस पेटीत तो आकडा सहाशेच्या घरात जातो. याच जातीचे पण काचेऐवजी बेकेलाइटचे शोधक सर्नच्या सीएमएस प्रयोगात आहेत आणि २०१३-१४च्या सुधारणेत बसवलेल्यांपैकी काही मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जोडून तपासलेले आहेत. ‘देवकणाच्या शोधात भारताचाही वाटा’ असे मथळे मी पाहिले आहेत. वाटा म्हणजे नेमके काय, हे त्यांखालच्या मजकुरात शोधावे लागते आणि बहुधा सापडत नाही.

यंत्र न सांगण्याची किंमत काय असते, ते तामिळनाडूत दिसले. थेनी जिल्ह्यातल्या डोंगरात होणाऱ्या न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५च्या आरंभी केंद्र सरकारची मान्यता मिळाली, पण स्थानिक विरोध, न्यायालये आणि पर्यावरण-परवाने यांत प्रकल्प अडकून पडला. विरोधामागे डोंगर पोखरणे, पाण्याचे स्रोत, पश्चिम घाटाचे नाजूकपण असे खरे प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरे प्रकल्पाने द्यायलाच हवी होती. त्यांच्या जोडीला एक भीती अशीही होती की हे यंत्र काहीतरी घातक किरण बाहेर टाकील. पन्नास हजार टन लोखंडाच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये काचेच्या पेट्या, असे ते साधन. निसर्गात वातावरणातच तयार होणारे न्यूट्रिनो तिथे टिपायचे होते. पेटी कशी चालते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती काही फेकत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. पण ज्याने ‘भुतासारखा कण’ एवढेच वाचले आहे, त्याला भूत डोंगरात आणून बसवताहेत असे वाटले तर दोष त्याच्या एकट्याचा नाही.

आता ‘कृत्रिम सूर्य’. हे नाव तर गणितालाच उतरत नाही. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश, आणि तिथे दर घनमीटरमागे निर्माण होणारी उष्णता फक्त पावणेतीनशे वॅट. माणसाच्या शरीरातही आकारमानाच्या हिशेबात याहून जास्त उष्णता तयार होते! सूर्य तळपतो तो त्याच्या प्रचंड आकारामुळे. अशा मंद भट्टीची नक्कल करून वीजघर चालणार नाही. फ्रान्समध्ये उभारणी चालू असलेल्या ईटर यंत्राचे उद्दिष्ट आहे ८४० घनमीटरांत ५०० मेगावॅट, म्हणजे घनमीटरमागे सुमारे सहा लाख वॅट. त्यासाठी इंधन वेगळे, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, आणि तापमान सूर्याच्या गाभ्याच्या दहापट, पंधरा कोटी अंश. ‘सूर्य’ म्हटल्यावर खरा प्रश्न झाकला जातो. तो प्रश्न स्वयंपाकघरातला आहे : तापवायचे कसे?

पहिली युक्ती विजेच्या शेगडीची. प्लाझ्मा विजेचा वाहक असतो, तेव्हा त्यातून प्रवाह सोडावा. दहावीच्या पुस्तकातला विद्युत् धारेचा उष्णताजन्य परिणाम तो हाच. पण धातूची तार तापली की तिचा रोध वाढतो, प्लाझ्माचे नेमके उलट. तापमान चौपट झाले की रोध एक-अष्टमांश. जितके तापवावे तितकी शेगडी थंडावत जाते, आणि दोन-तीन कोटी अंशांच्या आसपास हा उपाय संपतो.

दुसरी युक्ती, वेगवान अणूंचा मारा. भार असलेले कण चुंबकीय क्षेत्र ओलांडून आत शिरत नाहीत, म्हणून अणू उदासीन हवेत. पण उदासीन अणूला विजेने वेग देता येत नाही. तेव्हा आधी भार द्यायचा, वेग द्यायचा आणि दारातच भार काढून घ्यायचा. ईटरमध्ये यासाठी दहा लाख व्होल्टचा दाब ठरला आहे. अशीच पण मोजमापासाठीची, एक लाख व्होल्टची शलाका पुरवण्याची जबाबदारी भारताची आहे. संमीलनातून तयार झालेली हेलियमची ‘राख’ प्लाझ्मात किती साठली, ते तिच्या मदतीने समजणार आहे.

तिसरी युक्ती मला सर्वांत आवडते, कारण तिचे सूत्र बारावीच्या पदार्थविज्ञानात आहे. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतो आणि त्याची वारंवारता फक्त क्षेत्रावर ठरते : दर टेस्लामागे २८ गिगाहर्ट्‌झ. त्याच वारंवारतेच्या लहरी सोडल्या तर झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा तशी ऊर्जा इलेक्ट्रॉनांना मिळते. ईटरसाठी १७० गिगाहर्ट्‌झ निवडले आहेत. भागाकार केला तर सहा टेस्ला येतात. यंत्राच्या मध्यरेषेवर क्षेत्र ५.३ टेस्ला आहे आणि आतल्या बाजूला ते वाढत जाते. म्हणजे मध्यापासून थोडे आत, मीटरभराच्या अंतरावर, ही ऊर्जा नेमकी उतरणार. कुठे तापवायचे ते विद्यार्थी वहीवर काढू शकतो! ओहमच्या शेगडीत ही सोय नाही.

या लहरी तयार करणारी नळी म्हणजे जायरोट्रॉन. एक नळी दहा लाख वॅट देते, घरगुती मायक्रोवेव्ह भट्टीच्या हजारपटीहून जास्त. एवढी शक्ती निर्वात नळीतून बाहेर काढायची तर खिडकी कशाची करायची? काच वितळेल. ती मिलिमीटरभर जाडीच्या कृत्रिम हिऱ्याच्या चकतीची करतात, कारण हिरा तांब्याच्या कित्येक पट चांगला उष्णतावाहक आहे. भारतात ४२ गिगाहर्ट्‌झच्या जायरोट्रॉनसाठी पिलानीची संस्था, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्याबरोबर मुंबईची समीर ही संस्थाही होती. समीर निघाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सूक्ष्मलहरींच्या कामातून. तिने बनवलेल्या ‘सिद्धार्थ’ या कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्रांपैकी एक आपल्या विदर्भात, सेवाग्रामच्या रुग्णालयात बसले. प्लाझ्मा तापवणारी आणि गाठ जाळणारी विद्या एकाच घराण्यातली आहे. ‘कृत्रिम सूर्या’वरच्या लेखांत हे नाते मला कधी वाचायला मिळालेले नाही.

उलट वाचायला मिळते ते होमी भाभांचे भाकीत. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून त्यांनी म्हटले होते की संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल. काही लेखक त्यावरून त्यांना द्रष्टे ठरवतात, काही चुकलेले. दोघेही हे विचारत नाहीत की त्या दिवशी हाताशी काय होते. पहिला टोकामॅक १९५८चा, पहिला जायरोट्रॉन १९६४चा. तीव्र क्षेत्र देणारे अतिवाहक चुंबकही साठीच्या दशकातले. प्लाझ्माची अस्थिरता तर अजूनही पुरती वठणीवर आलेली नाही. भाभा स्वतः बंगळूरला विश्वकिरणांसाठी गायगर गणित्रे वापरणारे, यंत्राचे मोल जाणणारे. त्यांच्या एका वाक्याची आरती करणे त्यांनाही फारसे रुचले नसते, असे मला वाटते.

आकर्षक नावांशिवाय सामान्य वाचक वळणार नाही, असे संपादक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेतल्या लेसर-संमीलनाच्या बातमीत ‘दिली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली’ असा मथळा होता. २.०५ मेगाज्यूल दिले आणि ३.१५ मिळाले, हे खरेच. लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली, हे शेवटच्या परिच्छेदात तरी यायला हवे होते. यंत्र वगळल्यामुळे इथे आकडाच अर्धा राहिला.

हे सारे वाशीममध्ये बसून लिहायला कारण आहे. जिल्ह्याला लागूनच हिंगोली आहे आणि तिथे औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३मध्ये तिला केंद्राची मान्यता मिळाली. ‘विश्वाचा आवाज’, ‘ब्रह्मांडाचे रहस्य’ ही शीर्षके आपल्याकडे पोचलीही आहेत. आमच्या भागातल्या शिक्षकांना विद्यार्थी आणि पालक निराळेच विचारतील : तिथून काय बाहेर पडणार? उत्तर सोपे आहे. काही नाही. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या आत लेसरचा प्रकाश आणि टोकांना टांगलेले आरसे. लहर आली की एक बाहू लांबतो, दुसरा आखूड होतो, तोही प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांश भागाहून कमी. रस्त्यावरून जड ट्रक गेला तर त्याचा हादरा आरशांना याहून कितीतरी मोठा वाटेल, म्हणून आरसे एकाखाली एक लोलक लावून टांगतात. यावर एखादी चलाख मुलगी विचारील की मग ट्रक कोणता आणि कृष्णविवरांची लहर कोणती, हे कसे ओळखायचे? तिला सांगावे की अमेरिकेत तीन हजार किलोमीटर अंतरावर अशी दोन यंत्रे आहेत. ट्रक एकाच यंत्राजवळून जातो, लहर मात्र दोन्ही ठिकाणी जास्तीत जास्त एक-शतांश सेकंदाच्या फरकाने पोचते. ती आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे नीट ठरवायला दोन यंत्रे अपुरी पडतात. तिसरे इटलीत आहे, आणि दूरच्या अंतरावर आणखी एक हवे, म्हणून दुधाळा.