बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची निवड : बोर्डी-कोसबादच्या कसोटीवर एक चिकित्सा

प्रस्तावना

बारावीनंतर बालशिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या ग्रामीण विद्यार्थिनीपुढे अभ्यासक्रमाच्या निवडीचा प्रश्न बहुधा तीन अंगांनी येतो : महाविद्यालय किती दूर, शुल्क किती आणि प्रमाणपत्र कोणते. या तिन्ही बाबी महत्त्वाच्या आहेत, परंतु अभ्यासक्रमाचा दर्जा त्यांतून कळत नाही. तो कळण्यासाठी लागणारी कसोटी महाराष्ट्राच्या बालशिक्षणाच्या इतिहासातच उपलब्ध आहे. बुलढाणा तालुक्यातील, जालना जिल्ह्याच्या सीमेलगतचे धाड हे गाव नजरेसमोर ठेवून त्या कसोटीची व तिच्या मर्यादांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

उपलब्ध मार्ग

आज या क्षेत्रात स्थूलमानाने चार मार्ग दिसतात. पहिला, कला शाखेच्या पदवीत गृहअर्थशास्त्र वा गृहविज्ञान हा विषय घेऊन मानवी विकासाचा अभ्यास करणे. दुसरा, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मान्यतेने चालणारी पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका. तिसरा, २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झालेला चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम; त्यात पायाभूत स्तराचा स्वतंत्र विचार आहे. चौथा, खासगी संस्थांची अल्पमुदतीची प्रमाणपत्रे.

या मार्गांचे फलित सारखे नाही. गृहअर्थशास्त्रातील पदवी ज्ञान देते, पण ती अध्यापनाची व्यावसायिक अर्हता नव्हे. परिषदेची मान्यता नसलेले प्रमाणपत्र एखाद्या खासगी शिशुवर्गात उपयोगी पडेल. शासकीय भरतीत ते अर्हता म्हणून ग्राह्य धरले जाईल, असे गृहीत धरता येत नाही. हा भेद प्रवेशापूर्वी स्पष्ट न झाल्यास विद्यार्थिनीची दोन वर्षे आणि कुटुंबाची पुंजी दोन्ही खर्ची पडतात. म्हणून मान्यतेची खातरजमा ही निवडीची पहिली पायरी ठरते. मात्र ती शेवटची नव्हे.

बोर्डी-कोसबादची कसोटी

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) विवाहानंतर काही काळ अमरावतीत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर विस्तारले.

या प्रयोगाचे वर्णन बहुधा साधनांच्या अंगाने केले जाते. माँटेसरी पद्धतीतील महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे, शिंपले यांचा वापर झाला, हे खरेच आहे. परंतु अध्यापक-शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट वेगळी आहे. तेथे शिक्षिकेचे प्रशिक्षण आणि मुलांची बालवाडी एकाच आवारात होती. मुले येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या वस्तीतील अंगणात नेण्यात आली; ‘अंगणवाडी’ ही कल्पना त्यातूनच रुजली. म्हणजे सिद्धांत आधी आणि सराव नंतर असा क्रम तेथे नव्हता. मुलांच्या वागण्यातून पद्धत बदलत होती व ती बदलताना शिकाऊ शिक्षिका पाहत होती.

यातून निवडीची खरी कसोटी हाती येते. अभ्यासक्रमाचा दर्जा त्याच्या माहितीपत्रकात नव्हे, तर त्याच्या बालवाडीत दिसतो. विद्यार्थिनी आठवड्यातून किती वेळ मुलांमध्ये असते, तिचे निरीक्षण कोण करते आणि त्या निरीक्षणावर तिच्याशी चर्चा होते काय, हे प्रश्न विचारल्याशिवाय कोणताही अभ्यासक्रम निवडणे म्हणजे विहिरीत न उतरता पोहणे शिकण्यासारखे होय.

कसोटीच्या मर्यादा

तथापि या परंपरेकडे केवळ गौरवाच्या दृष्टीने पाहणे योग्य नाही. बोर्डी-कोसबादचे कार्य त्यागावर उभे होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा आरंभ अमरावती जिल्ह्यातील धारणी येथे झाला. या योजनेने अंगणवाडी हे नाव घेतले, त्याबरोबर सेवेची भाषाही घेतली. शिकवणारी स्त्री ‘सेविका’ झाली आणि तिच्या मोबदल्याला ‘मानधन’ म्हटले गेले. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले, यातच त्या भाषेची किंमत दिसते. बालशिक्षणाचा अभ्यासक्रम सुचविणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थिनीला ही आर्थिक बाजूही सांगणे आवश्यक ठरते.

दुसरी मर्यादा धोरणाची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविताना हे शिक्षण दूरस्थ व डिजिटल माध्यमातून आणि महिन्यातून किमान एका संपर्कवर्गासह चालावे, असे त्यात म्हटले आहे. सेविकेजवळ मुले आहेत. तिच्या कामाकडे जाणत्या नजरेने पाहून बोलणारे कोणी नाही. नेमकी तीच उणीव दूरस्थ माध्यमात भरून निघणे कठीण आहे. याउलट महाविद्यालयीन विद्यार्थिनीजवळ प्राध्यापक व ग्रंथालय आहे, पण मुले नाहीत.

धाडच्या संदर्भात

धाड परिसर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. येथील मुलाच्या तोंडची बोली आणि पाठ्यपुस्तकातील मराठी यांत अंतर आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला ‘चुकीचे बोलतो’ असे न म्हणता त्याच्या शब्दावरून पुढे कसे न्यावे, हे पुस्तकातून पुरते शिकता येत नाही. ते त्याच्या सहवासातच शिकावे लागते. त्यामुळे शहरातील नावाजलेला अभ्यासक्रम येथील विद्यार्थिनीला आपोआप अधिक योग्य ठरेल, असे मानण्यास आधार नाही. अंगणवाडी सेविकेच्या पदासाठी स्थानिक रहिवासी असण्याची अट आहे आणि २०२३ पासून राज्यात किमान अर्हता बारावी आहे, हे लक्षात घेता स्थानिक बोलीचे व बालसंगोपनाच्या रीतींचे ज्ञान ही उणीव नसून पात्रता ठरते.

निष्कर्ष

मान्यता, प्रत्यक्ष मुलांमधील मार्गदर्शित काम आणि मोबदल्याचे वास्तव या तीन बाबी एकत्र तपासल्यावरच बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची निवड जबाबदारीने होऊ शकते. यांपैकी दुसरी बाब सर्वांत कमी तपासली जाते. वास्तविक ती महाविद्यालयांच्या हाती सर्वाधिक आहे. गृहअर्थशास्त्र विभाग व गावातील अंगणवाडी यांच्यात नियमित देवाणघेवाण झाली, तर विद्यार्थिनीला मुले मिळतील आणि सेविकेला संवाद मिळेल. ज्या महाविद्यालयाने हे घडविले नाही, त्याला विद्यार्थिनीच्या चुकीच्या निवडीबद्दल तिला दोष देता येणार नाही.